गाव, गाडी आणि शनिवार

गेल्या वर्षभरात आपल्या समाजातील काही तरुण जोडप्यांशी बोलण्याचा योग आला. प्रत्येकासमोर प्रश्न एकच होता. नेगेवमधील शांत गावी, आईवडिलांच्या शेजारी घर करावे, की लोद-रामले यांसारख्या ठिकाणी राहून रोज गाडीने तेल अवीवला कामास जावे? त्यांना हा प्रश्न आजच्या काळाचा वाटतो. वस्तुतः तो आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनाही पडला होता. त्यांनी काय निवडले व त्याची किंमत काय दिली, हे ठाऊक असलेले बरे.

आपली आडनावेच याची साक्ष देतात. नवगावकर, पेणकर, रोहेकर, किहिमकर ही सारी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील गावांची नावे. तेथे आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवीत आणि शेती करीत. शनिवारी घाणा बंद राही, बैल सुटलेले असत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हिब्रू ग्रंथ विस्मृतीत गेले, प्रार्थनांपैकी 'शेमा' तेवढा तोंडी राहिला. पण शब्बाथ टिकला. घाणा स्वतःच्या मालकीचा होता, तो केव्हा थांबवावा हे विचारण्यास कोणी साहेब नव्हता. गावाचा एकांत आपल्याला असा उपकारक ठरला.

पण त्या एकांतात प्रार्थनामंदिर नव्हते, हेही विसरता कामा नये. आपल्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली मुंबईत उभे राहिले, ते कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांच्या पुढाकाराने. वडील मंडळी त्याला 'मशीद'च म्हणत. कोकणात अलिबागला १८४८ साली, पनवेलला १८४९ साली आणि पेणला १८६३ साली अशी मंदिरे झाली. मुलांच्या शिक्षणाची सोयही मुंबईनेच केली. हाईम सॅम्युएल किहिमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली तेथे समाजाची शाळा काढली. मुंबई व गाव यांच्यामध्ये मात्र समुद्र होता.

दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि एकवीस मैलांचे अंतर. त्या गाडीने एक तिसरा मार्ग खुला केला. मुंबईच्या गर्दीत न राहता मुंबईची नोकरी करावी आणि संध्याकाळी खाडीकाठच्या मोकळ्या हवेत परत यावे, हे शक्य झाले. रेल्वे, टपाल, कस्टम अशा खात्यांत आपले लोक कारकून झाले होते. त्यांपैकी अनेकांनी पुढे ठाणे पसंत केले. १८७९ साली ठाण्यात 'शाआर हाशामायीम' हे प्रार्थनामंदिर उभे राहिले.

माझे आजोबाही पेणजवळच्या एका खेड्यातून ठाण्यास आले. दोन खोल्या, सकाळची गाडी आणि मुंबईतील एक कचेरी. कचेरी शनिवारीही अर्धा दिवस असे. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी आजी दिवा लावी, दुसऱ्या दिवसाचा डबाही तेव्हाच भरून ठेवी. शनिवारी सकाळी ती तो डबा न बोलता त्यांच्या हाती देई. आजोबांच्या वडिलांनी जन्मात शनिवारी घाण्याला बैल जुंपला नव्हता. त्यांचा मुलगा शनिवारी गाडी पकडीत होता. "मुलांची शाळा झाली, पण माझा शनिवार गेला," असे आजोबा उतारवयात म्हणत. असा शनिवार गमावणारे ते एकटे नव्हते.

गावी राहिलेल्यांनाही सुख लाभले असे नाही. मुंबईस जाणे म्हणजे होडी किंवा बोट. पावसाळी समुद्राची भीती काय असते, हे १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेल्या 'रामदास' बोटीने दाखविले. त्या एका सकाळी सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आणि पोटासाठी एकेक घर मुंबईस, पुढे इस्रायलला निघून गेले, तेव्हा मागे उरलेल्यांना प्रार्थनेसाठी दहा पुरुष मिळेनासे झाले. कोकणातील काही मंदिरांत आज मिन्यान होणे कठीण आहे. याउलट ठाण्याचे मंदिर अजून गजबजलेले आहे. गाडीने शनिवार नेला, पण माणसे एकत्र ठेवली, हेही मान्य केले पाहिजे.

इस्रायलला आल्यावर आपल्यापैकी अनेकांना निवड अशी करता आलीच नाही. दिमोना १९५५ साली वसले, अश्दोद १९५६ साली. जेथे घर मिळाले तेथे कुटुंबे राहिली. लोद व रामले मात्र १८९२ सालच्या याफो-जेरुसलेम लोहमार्गावरील जुनी ठिकाणे, म्हणून तेथील दळणवळण आधीपासूनच होते. आज आपली मुले प्रथमच मोकळेपणी निवड करीत आहेत.

आणि त्यांची स्थिती आजोबांहून एका बाबतीत निराळी आहे. येथे शब्बाथला आगगाडी धावत नाही, कचेऱ्या बंद असतात. आजोबांनी गमावलेला शनिवार नातवंडांना गावीही मिळतो आणि शहरातही मिळतो. म्हणूनच त्या दिवशी स्थानक किती जवळ आहे याला अर्थ उरत नाही. पायी जाता येईल अशा अंतरावर आपले प्रार्थनामंदिर आहे की नाही, याला अर्थ असतो.

म्हणून तरुण मंडळींना माझे एवढेच सांगणे आहे. घर पाहण्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी अवश्य जा, गाडीच्या वेळा पाहा, मुलांची शाळा पाहा. परंतु निर्णय करण्यापूर्वी एकदा शुक्रवारी संध्याकाळी तेथे जा आणि प्रार्थनेस किती माणसे जमतात ते मोजा. नऊच जमत असतील, तर दहावे आपण होऊ शकतो का, याचाही विचार करा. कोकणातील कितीतरी गावांत तो दहावा माणूस सकाळच्या बोटीने निघून गेला होता.