वैद्यकीय प्रतिमाचित्रण व चित्रपट-इतिहास

शरीराचे अंतरंग दाखवणाऱ्या प्रतिमा (क्ष-किरण चित्र, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय इ.) आणि चित्रपट यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणारे संशोधनक्षेत्र. क्ष-किरण चित्र आणि चित्रपट एकाच सुमारास जन्मले आणि विसाव्या शतकातील बराच काळ दोघांचाही आधार एकच होता : चांदीच्या क्षारांचा लेप दिलेली फिल्म. दोघांचे जुने साठे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले, तेही बव्हंशी या फिल्मच्याच गुणदोषांमुळे. त्यामुळे या क्षेत्रात पडद्यावर काय दिसते याइतकेच महत्त्व प्रतिमा ज्या पदार्थावर उमटली त्या पदार्थाला आहे.

आरंभ : चलच्चित्रणाच्या उगमाशी शरीरक्रियाविज्ञान आहे. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक एत्येन-झ्यूल मारे याने १८८२ मध्ये उडत्या पक्ष्यांच्या हालचाली टिपण्यासाठी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील छायाचित्रकार आल्बेर लोंद याने अनेक भिंगांच्या कॅमेऱ्याने रुग्णांच्या हालचालींची क्रमवार छायाचित्रे घेतली. पुढे क्ष-किरण चित्रणातही त्याने आरंभीचे काम केले. व्हिल्हेल्म रंटगेन याला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. त्याचा पहिला निबंध २८ डिसेंबर १८९५ रोजी व्ह्यूर्ट्सबुर्गच्या भौतिकी-वैद्यक संस्थेकडे सादर झाला. त्याच दिवशी पॅरिसमध्ये ल्यूम्येर बंधूंनी तिकीट लावून आपल्या चित्रपटांचा पहिला जाहीर खेळ केला. ल्यूम्येर यांचे चित्रपट मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवले गेले.

क्ष-किरण चलच्चित्रण : ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीतील जॉन मॅकिन्टायर याने १८९७ मध्ये बेडकाच्या पायाच्या हालचालीची क्ष-किरण चित्रे टप्प्याटप्प्याने घेऊन ती चित्रपटाच्या रूपात दाखवली. हृदयाचे ठोके किंवा अन्ननलिकेतून उतरणारा घास टिपणे मात्र अवघड होते. क्ष-किरण साध्या भिंगाने एकवटता येत नाहीत. शिवाय प्रत्येक चौकटीसाठी पुरेसा प्रकाश मिळवायचा, तर रुग्णावर किरणांचा मारा वाढवावा लागे. त्यामुळे चमकणाऱ्या पडद्यावर उमटलेली प्रतिमा कॅमेऱ्याने टिपण्याची अप्रत्यक्ष पद्धत पुढे आली. जर्मनीत बॉनच्या रॉबर्ट यांकर याने ती विकसित केली. अमेरिकेत रॉचेस्टर येथे जेम्स सिब्ली वॉटसन हा डॉक्टर याच पद्धतीवर काम करत होता. १९२८ मध्ये ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ हा प्रयोगशील लघुपट त्याने सहदिग्दर्शक म्हणून केला होता. दोन्ही माध्यमांत स्वतः काम केलेला माणूस म्हणून अभ्यासकांना त्याच्याविषयी विशेष कुतूहल वाटते.

१९४० च्या दशकाअखेरीस प्रतिमा उजळवणारी नळी तयार झाली आणि किरणांची मात्रा कमी करता आली. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स याने हृदयाच्या धमन्यांत रंजकद्रव्य सोडून त्यांचे चलच्चित्रण केले. पुढची काही दशके अँजिओग्राफीची नोंद ३५ मिमी. फिल्मवर होत असे. चित्रपटगृहातील प्रोजेक्टरवर चढणारी फिल्म याच रुंदीची. रिळे धुऊन, वाळवून, प्रोजेक्टरवर लावून हृदयरोगतज्ज्ञ निदान करत. डिजिटल पद्धत आल्यावर ही रिळे बाद झाली.

शस्त्रक्रियेचे चित्रपट : फ्रेंच शल्यचिकित्सक यूजेन द्वाएँ याने १८९८ पासून आपल्या शस्त्रक्रिया चित्रित करून घेतल्या. त्यांपैकी सर्वांत गाजलेला चित्रपट भारताशी जोडलेला आहे. ओरिसात जन्मलेल्या राधिका व दूदिका या जोडजुळ्या बहिणी यूरोप-अमेरिकेत प्रदर्शनांत दाखवल्या जात होत्या. दूदिकेला क्षय झाल्यावर फेब्रुवारी १९०२ मध्ये द्वाएँने पॅरिसमध्ये दोघींना शस्त्रक्रियेने वेगळे केले. दूदिका लवकरच मरण पावली. राधिकाही १९०३ मध्ये गेली. छायाचित्रकारांपैकी पार्नालाँ याने चित्रपटाच्या प्रती परवानगीविना विकल्या आणि विद्यार्थ्यांसाठी केलेले हे चित्रण जत्रांतील तंबूंत पोहोचले. द्वाएँने दावा लावला आणि १९०५ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. चित्रपटावरील मालकीहक्काच्या इतिहासात हा निकाल महत्त्वाचा मानतात. हक्काचा हा वाद डॉक्टर आणि छायाचित्रकार यांच्यात झाला. ज्यांचे शरीर पडद्यावर होते त्या बहिणींचा त्यात हक्कदार म्हणून विचारही झाला नाही.

फिल्मचे रसायन व साठ्यांचा नाश : आरंभीच्या चित्रपट-फिल्मचा आणि बऱ्याचशा क्ष-किरण फिल्मचा पाया नायट्रोसेल्युलोजचा असे. या पदार्थाच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने तो एकदा पेटला की पाण्यानेही विझत नाही आणि जळताना विषारी वायू सोडतो. १५ मे १९२९ रोजी क्लीव्हलंड क्लिनिकच्या तळघरातील क्ष-किरण फिल्म पेटून १२३ माणसे दगावली. बहुतेकांचा बळी वायूंनी घेतला. त्यानंतर रुग्णालयांनी ॲसिटेटच्या ‘सुरक्षित’ फिल्मकडे वळण्याची घाई केली. चित्रपट-उद्योगात मात्र नायट्रेट फिल्म १९५० च्या सुमारापर्यंत चालू राहिली. ॲसिटेटलाही दोष आहे. उष्ण, दमट हवेत त्याचे विघटन होते, डब्याला शिरक्याचा वास येतो, फिल्म आकसते आणि रिळाची वेटोळी एकमेकांना चिकटून गोळा होतो. मुंबई-कोकणच्या हवेत हा धोका अधिक.

नाशाचे दुसरे कारण चांदी. खेळ संपलेल्या चित्रपटाच्या प्रती चांदी काढण्यासाठी धुतल्या जात. दवाखान्यांतील जुनी क्ष-किरण चित्रेही भंगारात याच कारणासाठी विकली जातात. भारतात सु. १,३०० मूकपट निघाले. त्यांतील जेमतेम तीसच, तेही बरेचसे तुकड्यांत, उरले आहेत. एकाच कारखान्यातून दोन्ही प्रकारच्या फिल्म निघण्याचे भारतीय उदाहरण म्हणजे उदकमंडलम येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स (स्थापना १९६०) : तेथे ‘इंदू’ या नावाने कृष्णधवल चित्रपट-फिल्म आणि क्ष-किरण फिल्म तयार होत.

महाराष्ट्र : दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटासाठी भांडवल मिळावे म्हणून आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारा लघुपट केला होता. ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून दिवसांची वाढ क्षणांत दाखवण्याचे हे तंत्र त्या काळी यूरोपातील जीववैज्ञानिकही वापरत. त्यामुळे फाळक्यांच्या चित्रपटनिर्मितीचा आरंभ कथाचित्राआधी वैज्ञानिक चित्रणापाशी येतो.

पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथील अभिरक्षक पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळे मिळवून जतन केली. जानेवारी २००३ मध्ये प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारातील या संग्रहालयाच्या भांडाराला आग लागून नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. मुंबईत १९४८ पासून फिल्म्स डिव्हिजनने आरोग्यविषयक अनेक माहितीपट काढले. रोग आणि शरीर सामान्य प्रेक्षकाला कसे दाखवले गेले, हे तपासण्यासाठी ते महत्त्वाचे साधन आहेत. प्रतिमेच्या सामाजिक परिणामांचा विचारही येथे लवकर झाला. सोनोग्राफी व गर्भजलपरीक्षेतून होणाऱ्या लिंगनिवडीला आळा घालणारा कायदा भारतात प्रथम महाराष्ट्राने केला (१९८८). केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला.

अभ्यासपरंपरा : क्षेत्राला स्वतंत्र रूप १९९० च्या दशकात आले. लिसा कार्टराइट यांच्या ‘स्क्रीनिंग द बॉडी’ (१९९५) या ग्रंथाने वैद्यकीय चलच्चित्रे ही चित्रपट-इतिहासाची अडगळ नसून त्याचा एक मूळ प्रवाह आहे, अशी मांडणी केली. बेट्टीॲन केव्हल्स यांच्या ‘नेकेड टू द बोन’ (१९९७) या ग्रंथात क्ष-किरणांपासून एमआरआयपर्यंतचा इतिहास आहे, तर स्कॉट कर्टिस यांच्या ‘द शेप ऑफ स्पेक्टेटरशिप’ (२०१५) मध्ये जर्मनीतील शास्त्रज्ञ व वैद्य चित्रपट कसा पाहत, याचे विवेचन आहे. भारतीय चित्रपटांच्या अभ्यासाला आशिष राजाध्यक्ष व पॉल विलमेन यांच्या कोशाने (१९९४) पक्का पाया दिला.

नवी तंत्रे : अलीकडे वैद्यकीय उपकरणे चित्रपट-इतिहासाच्या कामी येऊ लागली आहेत. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात दातांच्या अभ्यासासाठी बनवलेल्या सूक्ष्म सीटी यंत्राने बीबीसीच्या १९६८ मधील ‘मोर्कंब अँड वाइज’ या विनोदी मालिकेच्या चिकटून गोळा झालेल्या फिल्ममधील चित्रे, वेटोळी न उलगडता, वाचण्यात आली. फिल्मच्या पायापेक्षा चांदी क्ष-किरण अधिक शोषते. म्हणून गोळ्याच्या आतही चांदीची चित्रे वेगळी दिसतात आणि संगणक एकेक थर सपाट करून चौकटी मिळवतो. ज्या चांदीसाठी असंख्य रिळे वितळवली गेली, तिच्यामुळेच ही वाचनपद्धती शक्य होते.

जतन व नैतिक प्रश्न : चित्रपटांसाठी पुण्यासारखी संग्रहालये आहेत, रुग्णालयीन प्रतिमांची स्थिती वेगळी आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार भारतात डॉक्टरांनी आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. त्यापुढे त्या ठेवण्याची सक्ती हे नियम करत नाहीत. डिजिटल प्रतिमांसाठी ‘डायकॉम’ हे जागतिक मानक १९९३ पासून रूढ असून पुण्याच्या सी-डॅकने त्यासाठी सॉफ्टवेअर-साधने तयार केली आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करुग्णांच्या प्रतिमांची पेढी उभी राहत आहे. रुग्णांची ओळख पुसलेल्या या प्रतिमा मुख्यतः संगणकाला निदान शिकवण्यासाठी वापरल्या जातात. रुग्णाच्या गोपनीयतेसाठी ओळख पुसणे आवश्यकच असते. परंतु प्रतिमा कोणाची, कुठल्या दवाखान्यात, कोणत्या यंत्रावर आणि का काढली, हेच इतिहासकाराचे मूळ प्रश्न असल्याने अशा पेढ्यांचा त्याला मर्यादित उपयोग होतो. रुग्णाची संमती, ठरावीक वर्षांनी खुली होणारी नोंद आणि यंत्राविषयीची माहिती स्वतंत्रपणे जपणे, हे यावरचे उपाय अभिलेखविद्येत चर्चिले जातात.