कंडक्टरचा जिना

जेवणानंतर शंभर पावले चालावे, म्हणून ‘शतपावली’. चालणे आणि प्रकृती यांची गाठ आपल्या भाषेत इतकी मुरलेली आहे की तिला पुरावा मागावा असे कुणाला वाटत नाही. मला मात्र कुतूहल होते ते याचे, की हा पुरावा आधुनिक वैद्यकाने कधी आणि कोणाच्या पायांवरून गोळा केला? शोध घेऊ लागलो आणि लंडनच्या डबलडेकर बसच्या जिन्यावर येऊन थांबलो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराच्या झटक्याने वाढत्या संख्येने मरत होते आणि कारण उमगत नव्हते. १९४८ मध्ये तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सामाजिक वैद्यकाचा एक विभाग काढला. त्याचे प्रमुख होते डॉ. जेरी मॉरिस. त्यांचा जन्म १९१० चा, स्थलांतरित ज्यू कुटुंबातला. बालपण ग्लासगोत, गरिबीत गेले. युद्धकाळात लष्करी डॉक्टर म्हणून ते हिंदुस्थानातही राहून गेले होते. रोगाचे मूळ माणसाच्या रोजच्या कामात सापडेल का, हा त्यांचा प्रश्न होता.

लंडनच्या वाहतूक सेवेतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या आजारपणाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ड्रायव्हर पाळीतला बहुतेक वेळ बसून. कंडक्टर त्याच बसमध्ये तिकिटे फाडत दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. हृदयविकाराचे प्रमाण ड्रायव्हरांमध्ये वर्षाला हजारी २.७ निघाले, कंडक्टरांमध्ये १.९. शिवाय कंडक्टरला झटका आलाच, तर त्यातून लगेच दगावण्याचा धोका ड्रायव्हरच्या मानाने जवळपास निम्मा होता.

मला या अभ्यासाचे मोल आकड्यांपेक्षा तुलनेत वाटते. श्रीमंताची गरिबाशी किंवा शेतकऱ्याची वकिलाशी तुलना केली असती, तर अन्न, घर, पगार असे शंभर फरक मध्ये आले असते. इथे दोघे एकाच डेपोचे, एकाच वर्गातले, एकाच रस्त्यावरचे. मुंबईकराला हे वेगळे समजवायला नको. १९३७ पासून २०२३ पर्यंत ‘बेस्ट’च्या जुन्या डबलडेकरमध्ये त्याने हे दोन देह रोज पाहिले. एक स्टिअरिंगमागे बसलेला, दुसरा चामडी पिशवी सावरत, पंच वाजवत खालीवर करणारा.

मॉरिस यांनी निष्कर्ष घाईने छापला नाही. चालत किंवा सायकलवरून टपाल वाटणारे पोस्टमन एका बाजूला आणि टेलिफोन ऑपरेटर, टेबलावरचे कारकून दुसऱ्या बाजूला, असा तोच पडताळा टपाल खात्यात घेतला. तिथेही चित्र तसेच दिसले, तेव्हा १९५३ च्या नोव्हेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये लेख आला.

आता खरी अडचण. मुळात सडपातळ माणसेच कंडक्टर होत असतील तर? ही शंका विरोधकांच्या आधी संशोधकांनीच पुढे आणली आणि तिचा माग काढण्यासाठी जे साधन शोधले ते मला फार आवडते: गणवेशाची मापे. कंपनी कपडे पुरवीत असे, त्यामुळे प्रत्येकाच्या पँटच्या कमरेचे माप नोंदलेले होते. १९५६ च्या लेखात दिसले की ड्रायव्हरांच्या कमरा सर्व वयांत रुंद होत्या, अगदी नोकरीच्या सुरुवातीच्या वयातही. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येणार नव्हते. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाला अशी कात्री लावणारे संशोधक थोडेच.

पुढचा टप्पा म्हणून मॉरिस सरकारी अधिकाऱ्यांकडे वळले. कामावर हालचाल कुणाचीच नाही. मग फरक पडला तर तो फावल्या वेळामुळे. शुक्रवार-शनिवारी काय काय केले, हे सुमारे १७,००० जणांकडून सोमवारी सकाळी लिहून घेतले. १९७३ मध्ये उत्तर आले ते चालण्याच्या चाहत्यांना रुचणारे नव्हते. पोहणे, बागेत खणणे अशी दमवणारी मेहनत हृदयाला राखत होती. रमतगमत केलेल्या फेरफटक्याचा लाभ दिसला नाही. १९९० च्या नव्या अभ्यासात चालण्याला जागा मिळाली, पण भरभर चालण्याला: तासाला चार मैलांहून अधिक, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. (लहानपणी वडील आपल्याला तासात चार मैल चालायला लावत आणि ते जमले तर आइस्क्रीम देत, अशी आठवण मॉरिस म्हातारपणी सांगत. ९९ व्या वर्षी, २००९ मध्ये, ते गेले.)

मग आज सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘दहा हजार पावले’ आली कुठून? कुठल्याही रुग्णालयातून नव्हे. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, यामासा या जपानी कंपनीने कमरेला लावायचे पाऊलमापक बाजारात आणले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, आणि विक्रीला तेवढे पुरले. आपल्या शतपावलीतले शंभरही गोलच. पण त्यासाठी यंत्र विकत घ्यावे लागत नव्हते.

त्या आकड्याची कसून तपासणी २०१९ मध्ये, हार्वर्डच्या आय-मिन ली यांच्या अभ्यासात झाली. कंडक्टर, पोस्टमन, अधिकारी हे सगळे पुरुष; इथे १६,७४१ स्त्रिया, सरासरी वय ७२. कमरेच्या यंत्राने आठवडाभर त्यांचे जागेपणीचे पाऊल न् पाऊल मोजले, त्यात घरातली ये-जा सुद्धा आली. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांत पुढच्या चारेक वर्षांतले मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते. साडेसात हजारांनंतर आणखी फरक पडेना. अर्थात, ज्या मुळात धडधाकट त्याच जास्त चालत असतील, ही पँटच्या मापांची जुनी शंका इथेही पूर्ण सुटत नाही. आणि एकूण पावले हिशेबात धरली, की वेग जवळजवळ बिनमहत्त्वाचा ठरला. मॉरिस यांच्या अधिकाऱ्यांना भरभर चालावे लागले होते. या बायकांना स्वयंपाकघर ते अंगण एवढी वाटही मोजून मिळाली.