‘रामदास’ का उलटली?

पिरंगुटकडे इंजिनिअरिंग करताय? मग फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमधलं ते प्रॅक्टिकल आठवेल. पाण्यात तरंगणारा पत्र्याचा पाँटून, त्यावरचं वजन बाजूला सरकवायचं, तो किती कलला ते बघायचं आणि मेटासेंटरची उंची काढायची. ही कल्पना १७४६ साली फ्रान्सच्या पिएर बुगेरने मांडली. मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या वर असेल, तरच कललेली बोट परत सरळ होते.

आता १७ जुलै १९४७. ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. वादळी लाटांनी ती कलली, घाबरलेले प्रवासी एकाच बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. लॅबमध्ये आपण जे वजन सरकवतो, ते तिथे जिवंत माणसांचं होतं. म्हणून बोटीत बसलात, की एका बाजूला गर्दी करू नका!