सनस्क्रीन : आकड्याइतकेच मात्रेलाही महत्त्व

सनस्क्रीन घेताना ग्राहकाची नजर प्रथम ‘एसपीएफ’च्या आकड्याकडे जाते. प्रयोगशाळेत हा आकडा ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर दिलेला असतो. घरी आपण बहुधा त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही पातळ थर लावतो. साहजिकच एसपीएफ ५०चे संरक्षण प्रत्यक्षात निम्म्यावर, कित्येकदा त्याच्याही खाली येते.

पृथ्वीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा ‘यूव्हीए’चा असतो, उरलेला ‘यूव्हीबी’चा. यूव्हीबी बाह्यत्वचेला भाजते. उन्हाने कातडी लाल होते ती प्रामुख्याने त्यामुळे. यूव्हीए अधिक खोल, अंतस्त्वचेपर्यंत जाते आणि सुरकुत्या व काळवंडणे यांस कारणीभूत ठरते. खिडकीची साधी काच यूव्हीबी बरीचशी अडवते, पण यूव्हीएला मोठ्या प्रमाणात वाट देते. त्यामुळे खिडकीजवळ दिवसभर बसणाऱ्यालाही ऊन लागते, एवढेच की ते जाणवत नाही.

एसपीएफ हे मुख्यतः यूव्हीबीचे माप आहे. पुरेशा थरात एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवते. तीसवरून पन्नासवर जाताना किंमत जितकी वाढते तितका लाभ वाढत नाही, हे यावरून ध्यानात यावे. यूव्हीएसाठी वेष्टनावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द पाहावेत, किंवा जपानमधून आलेली ‘पीए’ ही खूण. तिच्यापुढे अधिक चिन्हे जितकी जास्त, तितके संरक्षण जास्त.

आता मात्रेचा हिशेब. चेहरा आणि मान यांसाठी सव्वा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तर्जनी व मधले बोट यांच्या लांबीच्या दोन रेघा लागतात. दिवसातून दोनदा लावल्यास ५० ग्रॅमची नळी जेमतेम तीन आठवडे पुरते. तीच नळी कोणाकडे चार महिने टिकत असेल, तर तिच्यावरील आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणूनच महागडी नळी पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा परवडणारी सनस्क्रीन हात सैल सोडून लावणे शहाणपणाचे. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे ती लावावी. उन्हात असताना दर दोन तासांनी आणि पोहून किंवा घाम पुसून झाल्यावर पुन्हा लावावी.

झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे किरण आरशासारखे परतवतात, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक तीही अतिनील किरण बहुतांशी शोषूनच घेतात. नाजूक त्वचेला ती सहसा मानवतात, मात्र सावळ्या चेहऱ्यावर पांढुरकी झाक उरते. रासायनिक घटकांत ही अडचण नसते. त्यांचे दोष निराळे. अ‍ॅव्होबेन्झोन स्थिर करणारे घटक जोडीला नसतील तर ते उन्हातच विघटित होते. ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनची विक्री प्रवाळांच्या रक्षणासाठी हवाई राज्याने १ जानेवारी २०२१पासून बंद केली.

आपल्याकडील त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने त्वचेच्या कर्करोगाचा धोका गोऱ्या त्वचेच्या तुलनेत पुष्कळ कमी. आपली खरी तक्रार वांग आणि काळ्या डागांची. या डागांना दृश्य प्रकाशही खतपाणी घालतो आणि साधी पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. अशा वेळी लोह ऑक्साइडयुक्त, त्वचेच्या रंगाची सनस्क्रीन अधिक उपयोगी. ‘गोरेपणा’चे आश्वासन देणारी वेष्टने मात्र बाजूलाच ठेवलेली बरी, सनस्क्रीनचे ते काम नव्हे.

पणजी साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या आरंभी आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य येथे थेट डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते म्हणून आपण निर्धास्त राहतो; पण पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतच असतो. किनाऱ्यावर कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के किरण परतवतो. तेथे छत्रीखाली बसूनही चेहरा रापतो तो यामुळे.

रापणकार, शेतमजूर यांना दर दोन तासांनी मलम लावणे परवडणारेही नाही आणि शक्यही नाही. त्यांच्यासाठी घट्ट विणीचा, गडद रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी हेच उत्तम. कापड घामाने वाहून जात नाही. सहा महिन्यांखालील बाळांनाही सनस्क्रीन न लावता सावलीत आणि अंगभर सुती कपड्यांत ठेवावे.