बाबागाडी आणि पायवाट

सिरिल कॉनली या इंग्रज समीक्षकाचे ‘एनिमीज ऑफ प्रॉमिस’ हे पुस्तक १९३८ साली प्रसिद्ध झाले. होतकरू लेखकाची वाढ कशाकशाने खुंटते, याची चिकित्सा त्यात आहे. पत्रकारिता, राजकारण, अकाली यश यांच्याबरोबरच संसार हाही कॉनलीच्या मते लेखकाचा एक शत्रू आहे, आणि या शत्रूचे प्रतीक म्हणून त्याने घराच्या दालनात उभी असलेली बाबागाडी पुढे केली आहे. इंग्रजी वाङ्मयात ही प्रतिमा इतकी रुळली, की मूल आणि लेखन यांच्या ताणाविषयी बोलताना ती हटकून आठवली जाते. ती पुरुषाच्या नजरेतून आलेली आहे, हा आक्षेप योग्यच आहे. ती गाडी ढकलणाऱ्या बाईलाही काही लिहावयाचे असेल, ही शक्यता कॉनलीच्या विवेचनात जवळजवळ नाही. परंतु या आक्षेपाच्याही आधी एक साधा प्रश्न विचारावयास हवा. चार चाके असलेली ही वस्तू दालनात उभी का आहे?

या प्रश्नाचे उत्तर बाबागाडीच्या इतिहासात आहे. हा इतिहास सहसा शोभेचा आणि सोयीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मूल बरोबर घेऊन कोणी कोठपर्यंत जावे, याचाही तो इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. डोंगरवाटांवर, शेतांच्या बांधांवर, रानात नेता येईल अशी दणकट गाडी निवडण्याचा आजचा प्रश्न याच इतिहासाचा पुढचा भाग होय.

या कथेचा आरंभ बहुधा १७३३च्या सुमारास मानला जातो. वास्तुकार आणि उद्यानरचनाकार विल्यम केंट याने डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक छोटी गाडी बनविली. ती बोकड किंवा लहान घोडा यांनी ओढावयाची होती. म्हणजे आरंभी ही गाडी एखाद्या रथाची लहान प्रतिकृती होती, आणि तिची वाट म्हणजे सरदारी उद्यानातील निगा राखलेला रस्ता. ती ढकलणारे माणूस अजून चित्रात नव्हते. त्या उद्यानाबाहेरच्या वाटांवर मूल नेहमीप्रमाणे कोणाच्या तरी अंगावरच होते.

इंग्रजी काव्याच्या अभ्यासकांनी येथे वर्डस्वर्थची आठवण करावी. चालणे ही काव्यनिर्मितीची एक रीत आहे, हा विचार त्याच्यामुळे रूढ झाला. आयुष्यात वर्डस्वर्थ पावणेदोन लाख मैलांहून अधिक चालला असावा, असा अंदाज डी क्विन्सीने केला होता. वर्डस्वर्थला मेरीपासून पाच मुले झाली. बहीण डॉरथी ही स्वतः अव्वल दर्जाची चालणारी. तरी घरात मुले आल्यावर तिच्या आणि मेरीच्या वाट्याला पाळण्याजवळचे तास अधिक आले. सरोवरप्रांतातील त्या वाटा ज्याला जबाबदारी घरी ठेवून निघता येते त्याच्या होत्या. वर्डस्वर्थ १८५० साली वारला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५३ साली, चार्ल्स बर्टनने मागून ढकलावयाच्या तीनचाकी बालगाडीचे पेटंट घेतले आणि तिला ‘पेरँब्युलेटर’ हे नाव मिळाले.

या नावाचे पूर्वायुष्य मोठे उद्बोधक आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ एखाद्या प्रदेशातून चालत जाणे, फिरून पाहणे असा आहे. बालगाडीच्या आधी ‘पेरँब्युलेटर’ म्हणत ते जमीनमोजणीच्या चाकाला. दांड्याला बसविलेले मोठे चाक घेऊन मोजणीदार चालत असे आणि चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर काढले जाई. हिंदुस्थानातही कंपनी सरकारच्या मोजणीदारांनी मार्गांची लांबी मोजण्यासाठी हे यंत्र वापरले. खडबडीत जमिनीवर त्याचे मोजमाप चुके, कारण चाक प्रत्येक खळगा आणि उंचवटा इमानाने मोजे आणि अंतर फुगवून सांगे. शब्दाच्या पहिल्या जन्मी चाक रानोमाळ हिंडत होते. दुसऱ्या जन्मी ते फरसबंदीवर आले आणि तेथेच राहिले.

फरसबंदीवरही त्याला सहज जागा मिळाली नाही. इंग्लंडच्या १८३५च्या हमरस्ते कायद्याने पादचाऱ्यांच्या वाटेवर वाहन चालविण्यास बंदी केली होती. मग बालगाडी हे वाहन मानावयाचे की नाही? १८६१ साली मथायस खटल्यात न्यायालयापुढे पायवाटेवरील बालगाडीचाच प्रश्न आला. अशी गाडी ही पायी चालणाऱ्यांच्या बरोबर नेहमी असणारी वस्तू मानता येईल काय, आणि इतरांना उपद्रव होणार नाही इतकी ती लहान व हलकी आहे काय, हे न्यायाधीशांनी ज्यूरीला ठरवावयास सांगितले. कायद्याच्या कोरड्या भाषेत दडलेला हा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. चालणाऱ्या माणसाबरोबर त्याचे मूलही चालण्याच्या हक्काचा भाग असू शकते, हे त्यात सूचित होते. इंग्लंडमध्ये शेतांतून आणि कुरणांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवर बालगाडी नेण्याच्या हक्काची चर्चा आजही पादचाऱ्याच्या ‘नेहमीच्या सोबती’च्या याच कल्पनेवर होते.

पण हक्क मिळाला तरी चाक पुढे जावयास हवे. व्हिक्टोरियन काळातील गाड्यांची रचना दाया, सार्वजनिक उद्याने आणि सपाट रस्ते गृहीत धरून झाली. बॅरीच्या ‘पीटर पॅन’मधील हरवलेली मुले म्हणजे दायांची नजर चुकून बाबागाडीतून पडलेली मुले आहेत, हा तपशील त्या समाजव्यवस्थेवर चांगलाच प्रकाश टाकतो. सुधारणा होत होत्या. विल्यम विल्सन याने १८७७ साली स्थापन केलेल्या ‘सिल्व्हर क्रॉस’ने स्प्रिंगांवर झुलणाऱ्या गाड्या केल्या. १८८९ साली बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने, मूल आईकडे किंवा समोर तोंड करून बसू शकेल आणि चाके स्वतंत्रपणे वळून गाडी अरुंद जागेत फिरविता येईल, अशा रचनेचे पेटंट मिळविले. या सुधारणांनी मूल अधिक सुखी झाले. गाडीचा मुलूख मात्र वाढला नाही.

याच सुमारास घडलेली एक गोष्ट या इतिहासातील विलक्षण विसंगती म्हणावी लागेल. १८८७ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेल्या रबरी नळ्या बसविल्या. दगडी रस्त्यावर मुलाला बसणारे हादरे कमी व्हावेत, एवढाच हेतू होता. पुढल्या वर्षी पेटंट झाले. (रॉबर्ट थॉमसनने चाळीस वर्षांपूर्वी हीच कल्पना मांडली होती, हे नंतर उघडकीस आले.) हवेचा टायर तेथून सायकलीत गेला, मोटारीत गेला, विमानाला लागला. लहान मुलासाठी केलेली ही वस्तू सर्व जगाने उचलली, आणि बाबागाड्या मात्र सर्वसाधारणपणे भरीव रबरावरच धावत राहिल्या. कॉनलीच्या दालनातील गाडी अशीच असणार. जड, झुलती, देखणी, आणि फरसबंदी संपली की निरुपयोगी. ती उभी होती, कारण तिला जाण्याजोगी वाटच थोडी होती.

गाडी दालनातून पहिल्यांदा सुटली ती घडी घालता येऊ लागल्यावर. ओवेन मॅक्लारेन हा निवृत्त विमान-अभियंता. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्याने काम केले होते. १९६५ साली त्याने ॲल्युमिनियमची, छत्रीसारखी मिटणारी बगी तयार केली. वजन सुमारे ६ पौंड. आईला आता बस, आगगाडी आणि जिना यांचे भय उरले नाही. शहर खुले झाले. परंतु हलकेपणाची किंमत लहान चाकांनी मोजली. गवत, चिखल आणि खडी यांपुढे ही बगी हतबल होती.

दुसरी सुटका १९८४ साली अमेरिकेतील याकिमा येथे झाली. फिल बेक्लर हे तेथे वृत्तपत्रात काम करीत आणि त्यांना धावण्याचा छंद होता. मुलाला बरोबर नेता यावे म्हणून त्यांनी बालगाडीला सायकलीची चाके जोडली. तीच ‘बेबी जॉगर’. डनलॉपची हवा अशा रीतीने सुमारे शतकानंतर मुलाकडे परत आली, आणि पुन्हा एका बापाच्याच खटपटीतून आली. ढकलणारा हात आता केवळ दाईचा किंवा आईचा राहिला नाही, ही गोष्टही कमी मोलाची नाही. १९९०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये ‘माउंटन बगी’सारख्या गाड्यांनी हीच तीनचाकी रचना चालण्याच्या, टेकड्यांच्या वाटांसाठी घडविली.

आता निवडीचा प्रश्न. जाहिरातींत दणकटपणा म्हणजे जाड नळ्या आणि रांगडे रंग असे भासविले जाते. खरा फरक चाकाच्या आकारात आहे, आणि तो साध्या भूमितीने समजतो. वाटेत ३ सेंटिमीटर उंचीचा दगड आला, असे समजू. चाकाची त्रिज्या ७.५ सेंटिमीटर असेल, तर ते दगडावर चढविण्यासाठी त्या चाकावरील भाराच्या सुमारे १.३३ पट आडवा जोर लागतो. त्रिज्या २० सेंटिमीटर असेल, तर हाच जोर ०.६२ पट, म्हणजे निम्म्याहून कमी लागतो. त्यात टायर हवेचा असेल, तर तो दगडाभोवती थोडा दबतो आणि हादरा मुलापर्यंत कमी पोहोचतो. पंक्चरचा धोका आणि बरोबर पंप बाळगण्याची कटकट ही त्याची किंमत होय. पुढचे चाक वळते असावे, पण खडबडीत उतारावर ते सरळ अडकवून टाकता आले पाहिजे. अन्यथा ते दगडाला लागून अचानक आडवे होते. तीनचाकी गाडी खळग्यांतून सहज निघते. मात्र आडव्या उतारावर ती कलंडण्याचा धोका अधिक, म्हणून मागच्या चाकांतील अंतर पाहावे. पाच पट्ट्यांचा बंद, हातातला ब्रेक आणि मनगटात अडकवावयाचा पट्टा यांत तडजोड नको. आयझेन्स्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेम्किन’मध्ये (१९२५) ओडेसाच्या पायऱ्यांवरून एकटी घरंगळत जाणारी बाबागाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या शेवटच्या पट्ट्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मूल मान आणि पाठ नीट धरू लागेपर्यंत, साधारण सहा महिन्यांचे होईपर्यंत, त्याला बसत्या गाडीतून अशा वाटेवर नेऊच नये.

तरीही केवळ गाडी दणकट असून भागत नाही. इंग्लंडमधील पायवाटांवर कुंपण ओलांडण्यासाठी लाकडी पायठे आणि एका वेळी एकच माणूस जाईल अशी अरुंद दारे असतात. गुरे अडविण्यासाठी केलेली ही सोय बाबागाडी आणि चाकाची खुर्ची दोन्ही अडविते. वर्डस्वर्थच्याच सरोवरप्रांतात तेथील राष्ट्रीय उद्यानाने ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ या नावाने चाळीसहून अधिक वाटा निवडल्या आहेत. त्यांवर असे पायठे नाहीत, आणि चढ व पृष्ठभाग पाहून त्यांची प्रतवारी केलेली आहे. १८६१च्या न्यायालयात गाडीला वाटेवर जागा आहे काय, असा प्रश्न होता. येथे वाटेनेच गाडीसाठी जागा केली. ज्या मुलुखाने एकट्या चालणाऱ्याचे काव्य दिले, तेथे मुलासकट चालणाऱ्यांची वाट उघडावयास दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

मराठीच्या संदर्भात एक भेद नोंदवावासा वाटतो. आपल्याकडे मुलाला पारंपरिक चाक मिळे ते पांगुळगाड्याचे, आणि ते स्वतः चालावयास शिकण्यासाठी. वाहून नेण्यासाठी कड, खांदा आणि झोळी होती. ‘बाबागाडी’ ही वस्तू आपल्याकडे इंग्रजांच्या मागोमाग आली. तिला नाव मात्र आपण घरगुती दिले. कडेवरचे मूल आईच्या पावलाबरोबर कोठेही जाते, हा त्या रीतीचा मोठेपणा. त्या ओझ्याने आईच लवकर थकते आणि म्हणून दूर जात नाही, ही तिची मर्यादा. हरिहरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर कोणतेच चाक चालणार नाही. अशा चढणीवर मूल नेणे भागच असेल, तर ते पाठीवर बांधूनच न्यावे लागेल. म्हणून गाडी निवडताना आधी वाट पाहावी: आपण नेहमी कोठे चालतो, तेथे माती आहे की खडी, पायऱ्या आहेत की उतार, आणि गाडी ढकलणारे हात कोणाकोणाचे असणार आहेत.

या शेवटच्या प्रश्नाकडे कॉनलीने पाहिले नव्हते. दालनातील गाडी त्याला लेखकाच्या वाटेतील अडथळा वाटली. ती बाहेर काढून टेकडीपर्यंत नेण्याची पाळी आपलीही असू शकते, असे त्याला सुचले नाही. घरातील एकाने मूल घेऊन दोन तास रानवाटेला जावे, तेवढ्यात दुसऱ्याने टेबलाशी बसावे, आणि दुसऱ्या दिवशी पाळी बदलावी, इतकी साधी व्यवस्था एका बऱ्या चाकाने शक्य होते. तिने वाङ्मय निर्माण होईलच असे नाही. पण लिहिण्याचा आणि चालण्याचा वेळ घरात कोणाला मिळतो, हे मूल आले म्हणून आपोआप ठरून जाणार नाही.