तेलबियांच्या अंकुराची शिदोरी

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, नागपूरच्या शेजारी सौंसर व पांढुर्णा हा मराठी बोलणारा मुलूख आहे. पूर्वी छिंदवाड्यात मोडणाऱ्या या भागाचा २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. संत्र्यांमुळे त्याचे नाव सर्वत्र पोहोचले असले, तरी मृगाचा पाऊस पडला की येथील शेतकऱ्याचे लक्ष कापूस, सोयाबीन व भुईमूग यांच्या उगवणीकडे लागते. कापूस धाग्यासाठी पिकवला जात असला, तरी त्याची सरकीही तेलबीच होय. म्हणजे तिन्ही पिकांचे भवितव्य पहिल्या आठवड्यात बियातील तेलावर अवलंबून असते.

भाताच्या दाण्यात रोपासाठी मुख्यतः पिष्ट साठवलेले असते. तेलबियांनी निराळा मार्ग धरला. एक ग्रॅम पिष्टातून सुमारे ४ किलोकॅलरी, तर एक ग्रॅम तेलातून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते; लहानशा बियात जास्त शिदोरी मावते. भुईमुगाच्या दाण्याचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते. सोयाबीनमध्ये तेल सुमारे २० टक्केच असते, कारण तेथे प्रथिनांचा वाटा मोठा आहे.

हे तेल बीजदलांच्या पेशींत सूक्ष्म थेंबांच्या रूपात असते आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचे वेष्टन असते. बी ओलावा शोषून फुगले की लायपेज नावाची विकरे तेलापासून मेदाम्ले सुटी करतात. परंतु मुळाच्या टोकापर्यंत पोहोचवायचे ते पाण्यात विरघळणारे हवे. म्हणून तेलाची साखर करावी लागते, आणि येथेच वनस्पतीचे खरे कसब दिसते. माणसाच्या शरीराला मेदाम्लांपासून साखर बनवता येत नाही; ती जाळून ऊर्जा तेवढी मिळते. अंकुरणाऱ्या बियात मात्र कार्बन वायुरूपाने निसटू न देता साखरेकडे वळवणारी एक आडवाट असते. तिला ग्लायऑक्सिलेट चक्र म्हणतात. हान्स कॉर्नबर्ग व हान्स क्रेब्स यांनी १९५७ मध्ये ते जिवाणूंत उलगडले. त्याच वर्षी कॉर्नबर्ग व हॅरी बीव्हर्स यांना ते अंकुरणाऱ्या एरंडीतही आढळले. ज्या पेशीघटकात हे काम चालते, तो ग्लायऑक्सिझोम १९६७ मध्ये एरंडीतच वेगळा करण्यात आला. रुजलेला नारळ फोडल्यावर आत सापडणारा स्पंजासारखा गोळा खोबऱ्यातील साठा शोषत वाढतो आणि चवीला गोड लागतो, हे किनारपट्टीच्या वाचकांस ठाऊक असेलच.

या व्यवहाराची किंमत प्राणवायूत मोजावी लागते. तेलाच्या रेणूत प्राणवायू अल्प असल्याने ते जाळण्यासाठी पिष्टापेक्षा अधिक प्राणवायू बाहेरून घ्यावा लागतो. काळ्या जमिनीत पेरणीनंतर लगेच जोराचा पाऊस झाला, पाणी साचले की मातीतील हवेच्या जागा भरून जातात. तेल जवळ असूनही रोपाला ते वापरता येत नाही. पुढे ऊन पडून वर कडक पापडी धरली तर संकट दुहेरी होते: सोयाबीनचे रोप मान वाकवून दोन्ही दले वर ओढते, आणि पापडीखाली ती मान मोडते. खोल पेरलेल्या बियाचे तर उजेड दिसण्याआधीच भांडवल संपते. सोयाबीन ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नये, हा सल्ला त्यामुळेच दिला जातो. दले वर येऊन हिरवी झाली की रोप स्वतः अन्न बनवू लागते. रिकाम्या झालेल्या ग्लायऑक्सिझोमांची जागा पानातील निराळ्या कामाचे पेशीघटक घेतात.

दुबार पेरणीचे बीज मात्र पुष्कळदा आदल्या उन्हाळ्यातच रुजलेले असते. उष्णता व दमटपणा यांमुळे बियातील तेल हवेशी संयोग पावून खवट होते आणि त्या क्रियेत पेशींची पटलेही बिघडतात. भुईमूग शेंगेतच साठवून पेरणीच्या सुमारास फोडण्याची चाल याच कारणाने योग्य ठरते. सोयाबीनचे साल पातळ असल्याने पोती उंचावरून आपटणे किंवा एकावर एक फार रचणे त्याला मानवत नाही. घरच्या बियाण्याची परीक्षा सोपी आहे: शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावे, गोणपाट वाळू देऊ नये आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजावे. प्रमाणित सोयाबीनसाठी किमान उगवण ७० टक्के धरली जाते. त्याहून थोडी कमी भरली तर एकरी बियाणे त्या प्रमाणात वाढवता येते. फारच कमी भरली तर ते बियाणे पेरणीला वापरू नये.