कोरेगावची तहान आणि नदीचा हक्क

1901 च्या सुमाराची गोष्ट. दुष्काळात माणसे हजारोंनी मरत होती, म्हणून सातारा जिल्ह्यात कोरेगावला मुंबई सरकारने तळे खोदण्याचे काम काढले. त्या कामावर रामजी सुभेदार रोखपाल होते. त्यांना भेटायला लहानगा भीमराव घरातल्या मुलांबरोबर मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने निघाला. सोबत भरपूर जेवण होते. पण वाटेत अस्पृश्यांना पाणी द्यायला कुणी तयार नव्हते. टोलनाक्यावर मुले उपाशीच झोपली. बाबासाहेबांनी हा अनुभव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवला आहे.

या प्रसंगात दोन टंचाया आहेत. एक पावसाची, दुसरी जातीची. आज पर्यावरणवादी पहिलीवर बोलतात, मानवी हक्कवाले दुसरीवर. दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय प्रश्न सुटणार नाही.

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याने तळे 'शुद्ध' करून घेतले. म्हणजे पाण्याच्या पावित्र्याच्या नावाखाली माणसाचा हक्क नाकारण्याचा इतिहास आपल्याकडे आहे. तो विसरून नदीच्या हक्कांची भाषा करता येणार नाही.

बरोबर 90 वर्षांनी, 20 मार्च 2017 ला, उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. पुढे जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच मार्चमध्ये न्यूझीलंडने वांगानुई नदीसाठी कायदा केला. तिथे नदीच्या वतीने बोलणाऱ्या दोघांपैकी एक माओरी जमातींनी नेमायचा, एक सरकारने. आपल्याकडच्या निकालात मात्र पालक कोण? नमामि गंगेचे संचालक, मुख्य सचिव आणि महाधिवक्ता. नदीकाठचा निषाद, सफाई कामगार, भूमिहीन यांपैकी कुणीही नाही. नदीला हक्क देताना तिच्या वतीने कोण बोलणार, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. खटाव भागातून सांगलीत उतरणाऱ्या येरळेवर 1980 च्या दशकात खानापूर तालुक्यातल्या लोकांनी ठेकेदारांच्या वाळूउपशाला विरोध केला. मर्यादित वाळू स्वतः विकून त्यांनी बळीराजा धरणासाठी पैसा उभा केला. पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता कुटुंबागणिक समान वाटायचे आणि भूमिहीनांनाही हिस्सा द्यायचा, असे ठरवले. नदीची वाळू आणि भूमिहीनाचे पाणी, दोन्ही एकाच लढ्यात आले.

ही दिशा बुद्धाच्या प्रतीत्यसमुत्पादाशी जुळते. एकाच्या असण्यावर दुसऱ्याचे असणे अवलंबून आहे. तळे आटले तर महाडचा हक्क कागदावर राहतो. आणि तळे भरलेले असून पाणवठा जातीच्या ताब्यात असेल, तर निसर्ग वाचूनही माणूस तहानलेलाच राहतो. म्हणून नदीच्या पालकत्वात शोषितांचा वाटा ही आपली मागणी असली पाहिजे.

जय भीम!